आमचे कागद वाचून देणाऱ्या मोडीवाचक सरांना

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

खापरपणजोबांचा माग काढताना तुम्ही जे शिकवलंत, ते आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्याही उपयोगाचं आहे. म्हणून हे आभारपत्र उघडच लिहितो आहोत.

पहिले आभार तारखांबद्दल. ‘सन अर्बा अशरीन मयातैन व अलफ’ हे आम्हाला मंत्रासारखं वाटलं होतं. तो निघाला शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली अरबी अंकशब्दांत लिहिलेली, मृग नक्षत्रापासून सुरू होणारी कालगणना: चार, वीस, दोनशे, हजार, म्हणजे 1224. त्यात 599 मिळवले की 1823. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ‘अशरीन’चं ‘अशर’ वाचलं जातं आणि माणूस दहा वर्षं मागे सरकतो. फसली या महसुली सनालाही मृगाचाच हिशेब, फक्त 590 आणि 591. शकात 78 मिळवायचे, पण 1 जानेवारीनंतर 79. माघ शके 1775 हा 1854 मधला, हे तुम्ही तीनदा बजावलंत. बरं केलंत.

दुसरे आभार दोन रामजींना वेगळं केल्याबद्दल. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे रामजी बिन (म्हणजे मुलगा) सोनजी, सोनजी बिन रामजी, पुन्हा रामजी बिन सोनजी. नाव आणि बाप दोन्ही जुळूनही माणसं दोन, मध्ये पन्नासेक वर्षं! प्रत्येक कागदावरची भावांची नावं वेगळी टिपून ठेवा, हा तुमचा आग्रह इथे कामी आला. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत भाऊ, मुलगे असे एकत्र सापडतात. मात्र तिथे मूळ गाव सांगावं लागतं, कारण आजचं आडनाव तेव्हा लावत असतीलच असं नाही. आणि हो, ‘सखू कोम रामजी’मधली सखू ही रामजीची बायको. आम्ही तिला मुलगी करून ठेवलं होतं.

जमिनीच्या कागदांत उलटं चालायचं: सातबारा, मग फेरफार, मग कडईपत्रक (सातबाराच्या आधीची जमिनीची नोंद), मग जुनं शेतवारपत्रक (जुन्या मोजणीतली शेतवार नोंद). आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गट नंबरचा जुना सर्व्हे नंबर काढून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्याच शेतात शिरतो आपण. शिवाय वारसनोंद लांबली तर मेलेल्या माणसाचं नाव खात्यावर बरीच वर्षं राहतं. नाव दिसलं म्हणून तो त्या साली हयात होता असं धरू नये.

गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, बाळाचं नाव शोधू नका, हेही पटलं. नोंद बारशाआधीची, बाळाच्या नावाऐवजी तिथे बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी असं असतं.

लिप्यंतर तुम्ही मूळ कागदाच्या ओळीला ओळ लावून दिलंत. शेवटच्या पानावर न लागलेली दोन अक्षरं अंदाजाने न भरता रिकामी सोडलीत, त्याबद्दल वेगळे आभार. वंशावळीतही ती जागा आम्ही रिकामीच ठेवली आहे.

आपले ऋणी,
रामजींचे वंशज