मंत्रीसाहेब, विहिरीची पातळी मोजता, आवक कधी मोजणार?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, सिन्नरच्या पूर्व भागातून लिहितोय, कांदेवाला आहे. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून कळतं ते पाणी किती खाली गेलं एवढंच, खडकातून ते किती जोरानं येतं अन् खडकात मावतं किती हे कळायला मोटर लावून उपसा चाचणीच घ्यावी लागते.

आमच्याकडं ती होते कशी बघा. गावच्या योजनेच्या विहिरीची टेस्ट ठेकेदारानं ऑक्टोबरात उरकली, तासभर मोटर चालवली, धो धो पाणी आलं, झाला रिपोर्ट ओके. अहो ऑक्टोबरात आमच्याकडं खड्डा खणला तरी पाणी लागतं! आणि तासाभरात जे आलं ते खडकाचं नव्हतंच, विहिरीत साठलेलं होतं. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे 28 हजार लिटर, सेकंदाला 5 लिटर ओढणाऱ्या मोटरीला तेवढंच काढायला दीड तास लागतो, मग झऱ्यांची परीक्षा झाली कुठं? मोठ्या व्यासाच्या विहिरीत हा साठा हिशोबात कसा धरायचा याची पद्धत पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967 सालीच मांडून ठेवलीय, म्हणजे शास्त्र नवीन नाही.

खरी गोष्ट मोटर बंद केल्यावर कळते. पाणी परत चढायला लागतं तेव्हा सुरुवातीला मिनिटामिनिटाला, मग पाच पाच मिनिटांनी, पुढं तासातासानं टेप सोडून मोजायचं. मोटरीचा डिस्चार्ज 200 लिटरचा ड्रम लावून मोबाइलवर वेळ मोजून बघता येतो, चाळीस सेकंदात भरला की सेकंदाला 5 लिटर. उपसलेलं पाणी मात्र लांब सोडायचं, नाहीतर तेच मुरून परत विहिरीत येतं. आणि शेजारची एक विहीर बंद ठेवून तिचीही पातळी मोजायची, कारण खडकाची साठवणूक एकट्या उपसलेल्या विहिरीवरून नीट निघत नाही.

हे एवढं का सांगतोय, तर आपला खडक बेसाल्ट, वर मुरूम, खाली कुठं मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), कुठं काळा पाषाण, मध्येच गेरूचा थर, एका बांधाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हा. तरी भूजलाच्या हिशोबात जिथं प्रत्यक्ष मोजमाप नाही तिथं झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टमधून 2 टक्के पाणी निथळून मिळतं असं धरतात, म्हणजे एक घनमीटर खडकामागं 20 लिटर. एका टक्क्याचा खडक निघाला तर कागदावरचं निम्मं पाणी गायब की हो! त्यावरच तालुका सुरक्षित की शोषित ते ठरणार. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, हा नियमही सगळ्या खडकाला सारखाच, पण भेग ज्या दिशेला तिकडं लांबची विहीर ओढली जाते अन् जवळची तशीच राहते.

पाणाड्या नारळ घेऊन फिरतो त्याला आम्ही पैसे देतो (हो, देतो, दुसरं सांगणारं कोणी येतच नाही). मग बोअर कोरडं जातं, कर्ज राहतं, आणि माणूस शेजारी अजून खोल जातो.

तर मागणी अशी की योजनेच्या प्रत्येक विहिरीची चाचणी दोनदा घ्या, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, कारण वरचा मुरूम कोरडा पडला की तीच विहीर वेगळी वागते. चाचणीच्या दिवशी वीज कंपनीला सांगून फीडर चालू ठेवा, आम्हाला लाइट रात्री मिळते, मध्येच गेली की सगळं मोजमाप वाया. आसपासच्या मोटरी बंद ठेवायचं आम्ही ग्रामसभेत बघून घेतो, पोरं टेप धरायला तयार आहेत, फक्त तुमचा भूवैज्ञानिक पाठवा. आणि आकडे पीडीएफमध्ये पुरू नका, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा, कोणत्या विहिरीला दिवसाला किती हजार लिटरची आवक आहे ते, पुढच्या रब्बीचा कांदा किती लावायचा ते आम्ही त्यावरून ठरवू.

आपला,
सिन्नर तालुक्यातला एक शेतकरी