उरलेल्या रंगाचे तीन डबे

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, रंगाचे तीन डबे उरलेत, बाल्कनीत ठेवलेत." मागे रंगाऱ्यांची आवराआवर ऐकू येत होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. पण रात्रभर ते डबे काही डोक्यातून जाईनात.

आधी ते बाल्कनीतून आत घे. उन्हात रंग घट्ट होत जातो आणि पाण्यातला रंग कडाक्याच्या थंडीत एकदा गोठला की नासतो. गुठळ्या होतात, मग कितीही ढवळ. कपाटाचा खालचा कप्पा चालेल, फक्त डबा थेट फरशीवर नको. ओल लागून बूड गंजतं, म्हणून खाली फळी घाल. ऑइल पेंटचा डबा शेगडी आणि गीझरपासून लांब ठेव.

आता झाकण. रंगारी डब्यातूनच रंग ओततात, त्यामुळे काठाची खाच रंगाने भरते. तो रंग तिथेच वाळला की झाकण बसल्यासारखं दिसतं, पण बसत नाही. पेचकसाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळ आणि खाचेतून गोल फिरव. ऑइल पेंट असेल तर फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजव, आणि नंतर ते चुरगळून टाकू नकोस, उघड्यावर पसरून वाळव. अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. खाच साफ झाली की तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, झाकणावर लाकडाचा तुकडा, आणि मग हातोडी. हळूच ठोक, एकदा या बाजूला, एकदा समोरच्या. थेट पत्र्यावर घाव घातलास तर झाकण वाकलंच म्हणून समज. उघडतानाही तसंच, एकाच जागी जोर लावायचा नाही, कडेकडेने उचलत जायचं.

वीस लिटरच्या बादलीत तळाशी लिटरभर रंग उरला असेल तर तू रंग नाही, हवा साठवते आहेस. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊनच सुकतो, म्हणून त्याच्यावर साय धरते. तो लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत जवळजवळ काठोकाठ भर. ऑइल पेंटला काचेची किंवा पत्र्याची बरणी घे, काही प्लास्टिक त्यातल्या थिनरने मऊ पडतं.

एक गोष्ट रंगाऱ्याला विचारच. ट्रेमधला उरलेला रंग त्याने परत डब्यात ओतला का? बहुतेक ओतलाच असेल. त्यात पाणी असतं, भिंतीची धूळ असते. पाण्याने रंगातलं जंतुनाशक विरळ होतं आणि असा रंग लवकर सडतो. तो डबा वेगळा काढ आणि आधी संपव.

किती टिकतो विचारशील, तर साधारण हिशोब असा: न उघडलेला पाण्यातला रंग दहा वर्षांच्या आसपास, ऑइल पेंट पंधरापर्यंत. उघडलेल्याचं मात्र सगळं झाकणावर. दोन वर्षं सहज, नीट ठेवला तर बरंच जास्त. मी आकड्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवतो, तोही चूक करून शिकलो. जुन्या घरातल्या जिन्याजवळचा पट्टा तुला आठवत असेल. डबा उघडला तर आंबूस, सडका वास. म्हटलं, वाळल्यावर जाईल. वाळला, आणि दमट हवा पडली की भिंतच वास मारायला लागायची. शेवटी खरवडून काढला. साय आली असेल तर ती ढवळून आत मिसळू नकोस, अलगद उचलून टाक आणि उरलेला रंग जुन्या पातळ कापडातून गाळ. ढवळल्यावर एकजीव झाला, पुठ्ठ्यावर सरळ बसला, तर तो चांगला.

डब्यावर लिहून ठेव: खोली, कंपनी, शेड नंबर, मॅट की चकाकी, तारीख, पाणी किती घातलं. झाकणावर नको, झाकणं बदलतात. बाहेरून रंगाचा एक ठिपका लाव. आणि नंतर कधी भिंतीवर ओरखडा पडलाच तर तेवढ्यावर ब्रश फिरवायचा मोह टाळ. रंग तोच असला तरी भिंत दरम्यान फिकी झालेली असते, ठिगळ दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला हात द्यावा लागतो, त्यामुळे ठेवायचा तर तेवढा पुरेल इतका ठेव. पावशेर रंग सांभाळण्यात अर्थ नाही.

जो नको तो सिंकमध्ये ओतू नकोस. पाण्यातला रंग असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून उघडा ठेव, दगड झाला की कचऱ्यात. ऑइल पेंट मात्र घातक कचरा घेतात तिथेच द्यायचा. पण कुणाला हवा असेल तर आधी त्याला दे, छताचा पांढरा तर कुणीही घेईल.

आई विचारते आहे, बेडरूम खरंच निळी आहे की फोटोत तशी दिसते? डब्यावर ठिपका लावशील तेव्हा एक कागदावरही लाव, वाळला की इकडे पाठव.

तुझे
बाबा