कोणती लाइन, तेही लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीची कामे शहरात जागोजागी सुरू असल्याने सध्या नाशिककरांच्या बोलण्यात ‘लाइन’ हा शब्द उठता-बसता येत असतो. पाण्याची लाइन, ड्रेनेजची लाइन, गॅसची लाइन आणि डोक्यावरून गेलेली विजेची लाइन, या सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. बोलताना त्याने काही अडत नाही, कारण समोरच्याचा हात कुठे दाखवतो आहे ते दिसत असते. लेखी सूचनेत मात्र हाच शब्द एकटा आला की घोळ होतो, म्हणून हे पत्र.

अलीकडे आमच्या इमारतीच्या फलकावर एक सूचना लागली : ‘लाइनच्या कामामुळे उद्या सकाळी १० ते सायंकाळी ५ पुरवठा बंद राहील.’ सही, शिक्का, सगळे व्यवस्थित होते. काही घरांनी पिंप, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवले. काहींनी मोबाइल चार्ज केले आणि लिफ्ट बंद पडेल म्हणून दवाखान्याची कामे सकाळीच उरकून घेतली. प्रत्यक्षात बंद झाला तो गॅस, आणि तोही कुकर चढवायच्या वेळेला. सूचनेत खोटे काहीच नव्हते, ही त्यातली गंमत.

या शब्दाचे मूळ पाहिले तर ते आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचे आहे. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. ज्याच्या बियांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच झाडाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचा दोरा म्हणजे ‘लिनिया’, आणि त्यावरून इंग्रजीतली लाइन आली. दुकानात साडीवर लिहिलेले ‘लिनन’ याच घरचे, आणि शिंपी ब्लाउजला लावतो ते ‘लायनिंग’ही याच घरचे, कारण पूर्वी अस्तराला लिननचे कापड वापरत. ताणलेला दोरा सरळ असतो, म्हणून सरळ रेघ ती लाइन झाली. आपल्याकडेही गवंडी दोरी धरूनच भिंत उचलतो आणि वठणीवर आलेला माणूस ‘सुतासारखा सरळ’ होतो. फरक इतकाच, की इंग्रजीने सगळा संसार या एकाच दोऱ्यावर वाळत घातला आणि मराठीने प्रत्येकासाठी वेगळी खुंटी ठेवली. माणसे उभी राहतात ती रांग, जेवायला बसतात ती पंगत, वहीत असते ती ओळ, पट्टीने मारतो ती रेघ, तळहातावर असते ती रेषा, आणि ज्यातून पाणी वाहते ती जलवाहिनी.

नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आजच्या दोनशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या चार तिरक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळे असतात, तर पाचशेच्या नोटेला पाच रेघा असतात. दृष्टिहीनांना बोटाने चाचपून नोट ओळखता यावी यासाठीची ही सोय आहे. तिचे इंग्रजी नाव ‘ब्लीड लाइन्स’. पण ती मराठीत समजावून सांगताना कोणीही सहज ‘रेघा’च म्हणेल, आणि ऐकणाऱ्याचे बोट नेमके तिथे जाईल.

तरीही या शब्दाला हाकलून द्यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. भगूरच्या सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ दिले, ते रुजले; पण लाइन रुजली ती कोणी न देताच. तिला आपण स्त्रीलिंगी केले (ओळ, रांग, रेघ या तिघी स्त्रीलिंगीच, त्यांच्याच संगतीने झाले असावे), तिचे अनेकवचन ‘लाइनी’ केले, आणि ‘पोरगं लाइनीवर आलं’, ‘तुमचे चिरंजीव कोणत्या लाइनला?’ असे खास आपले वापरही पाडले. कॉलेजातली मुले जी लाइन मारतात तिच्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार गड्याला सांगतो, ‘लाइन आली की लाइन चालू कर आणि शेवटच्या लाइनीपर्यंत पाणी पोचतं का बघ.’ यातली पहिली वीज, दुसरी ठिबकची, तिसरी वेलींची ओळ. गडी एकदाही अडखळत नाही, कारण तो बागेत उभा असतो आणि सांगणाराही समोर असतो.

फलक वाचणाऱ्याच्या समोर कोणी नसते. शिवाय सूचना आता मोबाइलवरून या गटातून त्या गटात जाते, तेव्हा ती मुळात कोणी आणि कशाबद्दल काढली हेही गळून पडते. ‘जलवाहिनी’ किंवा ‘मलवाहिनी’ लिहायला कोणाला जड वाटत असेल तर ‘पाण्याची लाइन’, ‘ड्रेनेजची लाइन’ लिहिले तरी चालेल. एका शब्दाचीच तर बाब आहे. तेव्हा पुरवठा बंद ठेवणाऱ्या यंत्रणांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांनी लाइनच्या आधी पाणी, वीज, गॅस किंवा ड्रेनेज यांपैकी जे असेल ते लिहावे, आणि आपल्या दैनिकाकडे येणाऱ्या निवेदनात ते नसेल तर छापण्यापूर्वी निवेदन देणाऱ्याला फोन करून विचारून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक