पाळीव साप आजारी वाटला तर आधी पेटीचे तापमान मोजा

संपादक महोदय,

बॉल पायथन, कॉर्न स्नेक, बोआ अशा पाळीव सापांविषयी छापून येते ते बहुधा त्यांचे रंग, जाती आणि हाताळणी यांविषयी. साप आजारी आहे हे ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर लगेच काय करायचे, हे मात्र पाळणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. सापांची देखभाल आणि उपचार यांच्याशी रोज संबंध येणारे आम्ही काही वाचक एकच आग्रह धरत आहोत: साप बरा दिसत नसेल तर औषध शोधण्याआधी थर्मामीटर आणि वजनकाटा हातात घ्या.

साप स्वतःचे शरीर आतून तापवत नाही. अन्नाचे पचन, रोगाशी झुंजण्याची ताकद, औषध अंगात भिनणे आणि बाहेर पडणे हे सगळे बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालते. म्हणून साप ठेवतो त्या पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड लागते. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश हवेत. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला २९ ते ३१ आणि थंड टोकाला २२ ते २५ अंश पुरतात. आर्द्रता बॉल पायथनसाठी ६० टक्के किंवा थोडी वर, कॉर्न स्नेकसाठी ४० ते ६० टक्के. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काचेचे तापमान सांगतो, साप जिथे वेटोळे घालून बसतो तिथले सांगत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर दोन्ही टोकांना, सापाच्या बैठकीच्या पातळीवर ठेवा. हीट मॅट (पेटीखाली लावायची तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, मुळीच लावू नये. पोट भाजत असतानाही साप पुष्कळदा जागचा हलत नाही आणि पोटाखालचे खवले लाल-तपकिरी होऊन फोड आल्यावरच पाळणाऱ्याच्या लक्षात येते.

सर्वांत जास्त घबराट होते ती साप खात नाही म्हणून. पण नुसते न खाणे हा आजार नव्हे. कात टाकण्याआधी, मिलनाच्या हंगामात, थंडीत किंवा नव्या जागी आल्यावर साप भक्ष्य नाकारतो; पूर्ण वाढलेला धडधाकट बॉल पायथन तर काही महिने न खाता राहू शकतो. कसोटी लावायची ती वजनाची. ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्यावा, झाकणाच्या डब्यात साप ठेवून दर पंधरा दिवसांनी, पिल्लू असेल तर दर आठवड्याला, पोट रिकामे असताना वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. १५०० ग्रॅमचा साप १३५० वर आला, म्हणजे दहा टक्के उतरला, की डॉक्टर गाठायलाच हवेत. ४० ग्रॅमच्या पिल्लात हीच घट फक्त ४ ग्रॅमची असते, डोळ्यांना ती कधीच दिसणार नाही. पाठीचा कणा कौलाच्या शिरेसारखा वर आला असेल किंवा शेपटीच्या मुळाशी कातडी सैल पडून घड्या दिसत असतील, तर आकड्याची वाट पाहू नका. आणि जबरदस्तीने भरवणे स्वतःहून करू नका: अशक्त, गार पडलेल्या सापाच्या पोटात ते अन्न पचण्याऐवजी सडते.

खरी घाई करायची ती श्वासाच्या बाबतीत. निरोगी सापाचा श्वास ऐकू येत नाही. शांत खोलीत साप कानाजवळ धरल्यावर शिट्टीसारखा, घरघरीचा किंवा बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो का, नाकपुडीशी फेस दिसतो का, तोंडात चिकट धागेदार स्राव आहे का, तो मान उभी ताणून किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेतो का, हे पाहा. कात टाकायच्या सुमारास नाकपुडीतली सुकी त्वचा थोडी शिट्टी वाजवते आणि कात निघाली की ती थांबते. बाकीच्या खुणा मात्र फुप्फुसाच्या संसर्गाकडे बोट दाखवतात. सापाला आपल्यासारखे श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूंचा पडदा) नसते, त्यामुळे तो जोरात खोकून कफ बाहेर टाकू शकत नाही. स्राव लांबलचक फुप्फुसाच्या तळाशी साचत जातो, म्हणूनच हा आजार आपोआप बरा होईल या आशेवर आठवडे घालवणे जिवावर बेतते. मूळ कारण बहुतेक वेळा गार पेटी, सतत ओले अंथरूण किंवा कोंदट हवा हेच असते. पायथनमध्ये मात्र विषाणूही असू शकतो. बॉल पायथनच्या श्वसनरोगाशी जोडलेल्या निडोव्हायरसचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ लक्षणांवरून जिवाणू आणि विषाणू यांतला फरक कळत नाही, त्यासाठी तोंडातला किंवा श्वासनलिकेतला नमुना तपासावा लागतो. घरघर ऐकू आली की उबदार टोक त्या जातीच्या वरच्या मर्यादेवर आणा, रात्रीही ते उतरू देऊ नका आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. तोंड उघडे ठेवून श्वास चालू असेल तर त्याच दिवशी. आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात साप नेमका गप्प बसतो.

तोंड तपासताना हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा दह्याच्या कवडीसारखा पिवळट पदार्थ दिसला तर ती तोंडातल्या संसर्गाची खूण आहे; तो पिवळट पदार्थ म्हणजे पू. सापाचा पू पातळ नसतो, घट्ट होतो. तो खरवडू नका, रक्तस्राव होऊन संसर्ग जबड्याच्या हाडापर्यंत जाऊ शकतो. पोटाचे खवले गुलाबी-लाल होऊन साप निपचित पडला असेल तर संसर्ग रक्तात गेल्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशेब असतो.

पाण्याच्या भांड्यात साप तासन्‌तास बसून राहू लागला की माइटचा, म्हणजे रक्त शोषणाऱ्या बारीक किड्यांचा, संशय घ्यावा. डोळ्याभोवती, हनुवटीच्या खोबणीत आणि पाण्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. पांढऱ्या कागदी रुमालावरून साप फिरू दिला की लगेच कळते. मादी अंडी सापावर नव्हे, पेटीच्या फटींत घालते, म्हणून नुसता साप धुऊन काहीच साधत नाही. सगळे अंथरूण बांधून बाहेर टाका, लाकडी सजावट काढा, पेटी गरम साबणपाण्याने धुवा, तळाला कागदी रुमाल घालून रोज बदला आणि औषध डॉक्टरांना विचारूनच वापरा. काही माइटनाशके सापालाच झटके आणतात, आणि आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध कासवांना घातक असते, हे घरात कासवही असेल तर विसरू नका.

डोळे दुधी-निळसर होणे हा मोतीबिंदू नव्हे, कात येते आहे. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत ती निघते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली तर ओल्या शेवाळाने भरलेला, आत शिरता येईल असा डबा पेटीत ठेवा. डोळ्यावरचे जुने कवच चिमट्याने ओढल्यास खालचा डोळा जाऊ शकतो.

गिळलेले भक्ष्य परत बाहेर आले तर पहिले तीन प्रश्न असे: खाल्ल्यानंतर ४८ तासांच्या आत कुणी हाताळले का, भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बरेच मोठे होते का, पेटी गार होती का. पाणी चालू ठेवून दहा ते चौदा दिवस काहीही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे द्या. पुन्हा तेच घडले किंवा शरीराच्या मध्यभागी कायमची सूज दिसली तर क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची तपासणी हवी. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीच्या ब्लीचने तो मरत नाही, म्हणून अशा सापाची भांडी आणि चिमटे दुसऱ्या सापाला लावू नका.

डोके मागे वळवून छताकडे बघत राहणे, तोल जाणे, हळूच उताणे केल्यावर लगेच पालथे न होणे या मेंदूच्या खुणा आहेत. अतिउष्णता किंवा कीटकनाशकाचा फवारा हे कारण असू शकते. बोआ आणि पायथनमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य रोगही असू शकतो. त्यामागे एरिनाव्हायरस असल्याचे २०१२ मध्ये समोर आले. बॉल पायथनच्या 'स्पायडर' या रंगप्रकारात मान थरथरते ती आनुवंशिक असते, संसर्गाने नव्हे. मलद्वारातून लाल मांसल भाग बाहेर लोंबत असेल तर तो सलाइनने ओला ठेवा, आत ढकलू नका आणि थेट दवाखाना गाठा.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य साप आजारी पडण्यापूर्वीच शोधून ठेवावा. कुत्र्या-मांजरांच्या औषधाच्या मात्रा सापाला लागू पडत नाहीत. काही प्रतिजैविकांची इंजेक्शने सापाला दोन-तीन दिवसांच्या अंतराने दिली जातात, आणि शक्यतो शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. मात्रा वजनावर ठरते. ती वही इथेही कामी येते. नेताना सापाला शिवण पक्की असलेल्या कापडी पिशवीत घालून गाठ मारा, पिशवी भोके असलेल्या कडक डब्यात ठेवा आणि डबा २५ ते २८ अंशांवर राहील असे पाहा. गरम पाण्याची बाटली थेट अंगाला लागू देऊ नका. ताजी विष्ठा मिळाली तर घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये, अन्नापासून वेगळी ठेवून, एका दिवसात पोचवा. पेटीच्या तापमानांचे आकडे आणि पेटीचा फोटो बरोबर न्या.

सापाच्या विष्ठेत आणि कातडीवर साल्मोनेला हा माणसांना आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत, पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नये आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये. नवा साप जुन्यांपासून किमान ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा आणि त्याची साफसफाई सर्वांत शेवटी करावी. घरात आणखी साप असताना एखादा दगावलाच, तर शव पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठल्याने पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात संसर्ग ओळखणे अवघड होते. एका दिवसात ते पशुवैद्याकडे द्या.

आपले,
सापांची देखभाल व उपचार करणारे काही वाचक