कमिटीने शिक्षकाला अर्धा तास द्यावा

मा. संपादक,
स. न.

शिक्षणातल्या टेक्नॉलॉजीवर आपल्या पेपरात अधूनमधून काही ना काही येत असतं आणि त्यात एक सूर हमखास असतो, की प्राध्यापकांनाच नवीन काही शिकायला नको असतं. मी युनिव्हर्सिटीत २० वर्षांच्या वर स्टॅटिस्टिक्स शिकवतोय आणि मध्ये ३ वर्षं आमच्या एज्युकेशनल टेक्नॉलॉजी कमिटीवरही होतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

कमिटीवरचं माझं पहिलं वर्ष नुसतं खरेदीत गेलं. कोटेशन मागवा, तुलनेचा तक्ता करा, सह्या करा, मग एक दिवस कंपनीचा माणूस येणार, हॉलमध्ये ८० जणांना बसवून भराभर क्लिक करत सगळं दाखवणार, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मा हॉल रिकामा. झालं ट्रेनिंग! सहा महिन्यांनी बघितलं तर त्या महागड्या इंटरॅक्टिव्ह बोर्डांवर सगळे जण पीपीटीच दाखवत होते, म्हणजे साधा पडदा चालला असता. सह्यांमध्ये माझीही सही होती हे कबूल करतो.

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या एक सीनिअर मॅडम, शिकवण्यात एक नंबर, त्यांनी हौसेने पहिल्यांदा एलएमएसवर (कोर्सचा मजकूर, टेस्ट, मार्क सगळं ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर) ऑनलाइन टेस्ट लावली. त्यात वेळ संपल्यावर काय करायचं याचे तीन पर्याय असतात, पेपर आपोआप सबमिट होईल, नुसतं सबमिट करायला थोडा जादा वेळ मिळेल, किंवा वेळेत सबमिट केलं नाही तर धरलाच जाणार नाही. मॅडमना वाटलं परीक्षा म्हणजे शिस्त हवी, त्यांनी तिसरा निवडला. १४ पोरांनी सगळी उत्तरं लिहिली होती पण शेवटचं बटण दाबायच्या आत वेळ संपला, सगळ्यांना शून्य. दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर ही गर्दी, मॅडमनी परत कागदावर टेस्ट घेतली आणि पुढची २ वर्षं त्या एलएमएसच्या वाटेला गेल्या नाहीत. आमच्या कमिटीच्या मिनिट्समध्ये मात्र त्यांच्या डिपार्टमेंटपुढे 'शिक्षकांमध्ये अनुत्साह' असं लिहिलं गेलं. हे सेटिंग माहिती असलेला टेक्निशियन दोनच मजले खाली बसायचा, पण त्याचं काम केबल आणि पासवर्ड, शिक्षकाशेजारी बसून टेस्ट लावून देणं हे त्याच्या कामात कुठे लिहिलेलंच नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं हो!

ते कळल्यावर आम्ही दोन-तीन जणांनी भांडून एक गोष्ट करून घेतली, रोज दुपारी एक तास एक खोली उघडी. कुणीही आपला लॅपटॉप आणि आपला प्रॉब्लेम घेऊन यायचं, तिथे तो टेक्निशियन आणि आळीपाळीने एक शिकवणारा माणूस बसायचा. शिकवणारा पाहिजेच, कारण टेक्निशियन बटण कुठे आहे ते सांगतो, पण मुळात ते दाबायची गरज आहे का हे वर्गात उभं राहणाराच सांगू शकतो. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात प्रश्न टाकायचा, पोरांनी आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून परत द्यायचं अशी पद्धत चालवली, क्लिकरचं (बटण दाबून उत्तर द्यायचं छोटं यंत्र) नाव तिच्याशी जोडलं गेलं खरं, पण हात वर करून किंवा कार्ड दाखवूनही ती चालते. सगळी मेख प्रश्न कसा काढलाय त्यात आहे. कमिट्या क्लिकर घेऊन देतात, प्रश्न काढायला मात्र कुणी वेळ देत नाही.

व्हिडिओचंही तेच. रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ झाला, लोकांनी तासातासाची लेक्चर्स रेकॉर्ड केली, पोरं बघेनात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या जवळपास ६९ लाख व्ह्यूइंग सेशन्सचा अभ्यास २०१४ मध्येच प्रसिद्ध झालाय, व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण ६ मिनिटांच्या पुढे बहुतेक जण टिकत नाहीत असं त्यात दिसलं. हे एक वाक्य स्टुडिओच्या दारावर लावलं असतं तरी पुष्कळ होतं. आणि कॅप्शन! आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये माझ्या 'व्हेरिअन्स'चं काय काय झालं ते इथे लिहीत नाही, पण वर्गात एक ऐकू न येणारी मुलगी होती आणि ती तेच वाचून नोट्स काढत होती हे मला सेमिस्टर अर्धं संपल्यावर कळलं, त्याची लाज अजून वाटते. कॅप्शन तपासणार कोण, हे कमिटीने आधी ठरवायला हवं, शिक्षकाने रात्री जागून करायचं हे काही उत्तर नाही.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हाही पहिली मागणी झाली ती कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर घ्या अशी. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मजकूर एआयने लिहिलाय का हे ओळखण्याचं स्वतःचंच टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं, तरी मागणी काही थांबली नाही. असाइनमेंटचे प्रश्न बदलायला प्रत्येक डिपार्टमेंटबरोबर दोन दुपारी बसलं असतं तर जास्त उपयोग झाला असता असं माझं मत.

पैसे लागतातच, मूडलसारखं एलएमएस सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण ते चालवायला सर्व्हर आणि माणूस फुकट नाही मिळत. पण माझा मुद्दा वेळेचा आहे. एखादा कोर्स नीट नव्याने बांधायचा तर सेमिस्टरभर खपावं लागतं, त्या सेमिस्टरला एक वर्ग कमी द्या, आणि प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्याला एक रकाना ठेवा. आमच्याकडे आत्ता रिसर्च पेपर छापला की मार्क मिळतात, कोर्स बांधला की शून्य, मग कोण खपेल? आणि कुठलंही लायसन्स घेण्याआधी दोन वर्गांत एक सेमिस्टर चालवून बघा, करार संपला तर आपला मजकूर आणि मार्क बाहेर काढता येतील का हे तेव्हाच लेखी घ्या.

त्या मॅडम आमच्या दुपारच्या तासाला एकदा आल्या, बऱ्याच उशिरा. बसल्या बसल्या म्हणाल्या, "ते तिसरं ऑप्शन कुठंय ते आधी दाखवा, बाकीचं नंतर." २५ मिनिटांत टेस्ट लागली, पुढच्या सेमिस्टरला त्यांनी स्वतः लावली आणि नंतर त्याच खोलीत शिकवणारा माणूस म्हणून आठवड्यातून एकदा बसायलाही लागल्या.

मी आता कमिटीवर नाही. टेक्निशियनला गेल्या सेमिस्टरला परीक्षा विभागात हलवलं, दुपारचा तास बंद झाला, आणि त्या खोलीत सध्या नवीन पॅनेलचे खोके ठेवलेत.

आपला,
एक प्राध्यापक
(कृपया नाव छापू नये)