सहांपैकी एक पेला

नौपाडा, ठाणे
३ डिसेंबर

प्रिय शाले,

दिवाळीचा फराळ पोचला एवढं कळवायलासुद्धा मी फोन केला नाही, त्याबद्दलची शिवी तू देऊन झाली असशील. आता दुसरी तयार ठेव. मी निवृत्त झाले तेव्हा तू दिलेले हिरव्या काठाचे सहा पेले आठवतात? माझीच भेटवस्तू विकत घ्यायला मलाच गोखले रोडवर घेऊन गेलीस आणि वीस रुपयांसाठी त्या दुकानदाराला अर्धा तास पिळलंस. त्यातले पाच उरलेत. सहाव्याचं काय झालं ते आमच्या इमारतीत कुणाला ठाऊक नाही, आणि सांगितलं तरी त्यांना पेला फुटला एवढंच कळेल.

तब्येत बरी. साखर आहे तिथेच आहे. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे पोळ्यांचे नकाशे आता त्यांना स्पष्ट दिसतात.

झालं असं. आमचे अध्यक्ष (तेच, पार्किंगच्या रेषा स्वतः ओणवे होऊन रंगवणारे) नोव्हेंबरात घरी आले. म्हणाले, “बाई, २६ तारखेला संविधान दिनाला तुम्हीच बोलायचं. पण हक्कांवर नको, ते सगळ्यांना पाठ आहेत. कर्तव्यांवर बोला.” शाले, एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, ऑफ तास असला की गणिताला देऊन टाकायचा. त्यावर बोला असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं. मी विरघळले.

बोलले झकास. कलम ५१ अ मधली अकराच्या अकरा कर्तव्यं न बघता म्हटली. गांधीजींनी १९४७ साली युनेस्कोच्या ज्युलियन हक्सलींना लिहिलेल्या पत्राचा दाखलाही दिला, की हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. टाळ्या पडल्या. मग बटाटेवडे. वडा खाताना तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, वॉचमनसाठी संडास कधी बांधणार? अध्यक्ष म्हणाले, “आधी त्यांनी ड्यूटीवर झोपणं थांबवावं. आत्ताच बाईंनी काय सांगितलं?” आणि माझ्याकडे बघून हसले. माझ्या तोंडात वडा होता, हे कारण मी स्वतःला दोन दिवस देत होते.

तू तिथे असतीस तर उठून गेली असतीस, माहितेय. नाना येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हाचं तुझं ते वाक्य, “ज्यांनी हक्क काढून घेतले त्यांनीच जाताना कर्तव्यांची यादी हातात दिली”, मला अजून टोचतं. १९७६ ची ४२ वी दुरुस्ती, दहा कर्तव्यं, आणीबाणी. सगळं खरं. पण १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यातलं बरंच उलटवलं तरी ही यादी तशीच राहू दिली, हे मी दरवेळी म्हणायचे आणि तू दरवेळी चहा संपवून निघून जायचीस. चहाचे पैसेही मीच द्यायचे. असो.

त्या रात्री भांडी विसळताना पेला हातातून निसटला. भाषण अंगात होतं, गुणगुणत होते. तुकडे सुपलीत घेतले आणि चहाचा चोथा, बटाट्याची सालं आणि वड्यांचे तेलकट कागद होते त्याच पिशवीत टाकले. गाठ मारली. खालच्या हिरव्या ड्रममध्ये नेऊन टाकली आणि झोपले. इतकं सोपं.

सकाळी घंटागाडी आली. गाडीवरची सुरेखा तुला माहीत नाही, तू सांगलीला गेल्यानंतर आली. लोक ओलं-सुकं एकत्र करतात म्हणून ती गेटपाशी पिशव्या सोडून हाताने वेगळं करते. मी दूध घेऊन येत होते. ती “आई गं” म्हणाली, मोठ्यानेसुद्धा नाही. अंगठ्याच्या मुळाशी उभी चीर होती. रक्ताला चहाचा चोथा चिकटलेला. आणि तिच्या दुसऱ्या हातात हिरव्या काठाचा तुकडा, साधारण दोन बोटं लांब. तो तिने ड्रमच्या झाकणावर अलगद ठेवला, दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून.

मी काय केलं असेल? दवाखान्यात नेलं. रिक्षा मी केली, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे आणि तीन टाक्यांचे पैसे मी दिले. परत आले तर सगळे म्हणाले, बाईंसारखी माणसं पाहिजेत. पेल्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही.

गेटपाशी मात्र सभा भरली होती. अध्यक्ष म्हणत होते, हातमोजे नाहीत ही कंत्राटदाराची चूक. मुकादम म्हणत होता, हातमोजे दिले होते, फाटले, नवे यायचेत, पण काच टाकणारे तुमचेच लोक. कुणीतरी म्हणालं, तिने पिशवी सोडायचीच कशाला, तिचं ते काम नाही. घरी येऊन मी घनकचऱ्याचे २०१६ चे नियम वाचले. (म्हातारपणी हे छंद.) त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा देणं आपलं काम होतं, आणि कचरा हाताळणाऱ्याला हातमोजे, मास्क, बूट, रेनकोट मिळालेच पाहिजेत असं होतं. दोन्ही एकाच नियमावलीत. म्हणजे तिचा हक्क आणि माझं कर्तव्य शेजारी शेजारी छापलं होतं. आमच्या गेटवर मात्र प्रत्येकाला फक्त समोरच्याचं कर्तव्य वाचता येत होतं. तिला खाडा पडला चार दिवस, त्याबद्दल कुठल्याच बाजूने कुणी बोललं नाही.

आता ऐक, याच्यापुढचं तुलाच सांगते. संध्याकाळी अध्यक्ष आले. “बाई, नोटीस लिहायची आहे. तुमचं अक्षर आणि तुमचं मराठी.” आणि मी लिहिली गं. फळ्यावरच्या अक्षरात. ‘काही बेजबाबदार सभासद ओल्या कचऱ्यात काच टाकतात.’ ते म्हणाले, “सुशिक्षित असूनही” घाला. घातलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

पाचव्या दिवशी सुरेखा कामावर आली तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा “जाऊ द्या बाई” म्हणेल आणि मी सुटेन. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं, चौथ्या मजल्याच्या चहाला आल्याचा वास असतो.” खाड्याचे पैसे दिले, ते मोजून घेतले. मग म्हणाली, “काच कागदात गुंडाळून वर लिहीत जा. मला वाचता येतं.” वाचता येतं की नाही, हे गेली दोन वर्षं मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून १९९६ ची वक्तृत्व स्पर्धा डोक्यातून जात नाही. ‘हक्क मोठे की कर्तव्य?’ आपण दोघी परीक्षक. मी पहिला नंबर त्या घसा फोडून ‘राष्ट्र’ म्हणणाऱ्या मुलाला दिला, आणि तू कोपरीच्या मुलीसाठी हटून बसलीस. ती काय म्हणाली होती आठवतं? “पाणी भरायचं कर्तव्य माझं, आणि शाळेला जायचा हक्क भावाचा, हे कोणी ठरवलं?” मी म्हटलं, विषय सोडून बोलली. तू गुणपत्रिका टेबलावर आपटलीस आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. सहा वर्षांनी, २००२ ची ८६ वी दुरुस्ती आली. शिक्षण हा सहा ते चौदाच्या मुलांचा हक्क, आणि ती संधी देणं हे पालकाचं कर्तव्य, दोन्ही एकाच फटक्यात. अकरावं कर्तव्य ते हेच. दरवर्षी शिकवलं, पण त्या मुलीची आठवण एकदाही झाली नाही. तू बरोबर होतीस. घे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी का होईना, लेखी दिलं.

१० डिसेंबरला मानवी हक्क दिन. अध्यक्षांना चटक लागलीय, पुन्हा बोला म्हणतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा काढून बसलेय, १९४८ चा, पॅरिसचा. तीस कलमं, आणि समाजाप्रती कर्तव्यं आहेत हे सांगायला थेट एकोणतिसावं यावं लागतं. तेही कसं, तर ज्या समाजातच माणसाचं व्यक्तिमत्त्व पूर्ण फुलू शकतं त्या समाजाप्रती. आधी कर्तव्य करा मग हक्क देऊ, असं कुठेही नाही. तसं असतं तर वॉचमनला या जन्मात संडास मिळत नाही. आणि पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता, तो बदलून ‘सर्व मानव’ करायला लावला तो तिथे भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबेन मेहतांनी. स्टाफरूममध्ये ‘सर्व शिक्षक बंधूंना’ अशी सूचना फिरायची तेव्हा तू खाली ‘आणि भगिनींना’ लिहायचीस ते आठवलं. या वेळी संडासापासून सुरू करणार आहे. वडे मिळणार नाहीत बहुधा.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. नातीचं बारसं झालं का, नाव काय ठेवलं? सून नोकरीवर परत गेली असेल तर दुपारी तुझी झोप संपलीच. सांगलीला थंडी पडली असेल, शाल पाठवते.

हां, नोटीस. काल रात्री अकराला लाल पेन घेऊन खाली गेले. ‘काही’वर काट मारून ‘एक’ केलं. पुढे नाव लिहिणार इतक्यात लिफ्ट वाजली आणि मी, वय वर्षं सहासष्ट, जिन्याने पळाले. तर आता बोर्डावर ‘एक बेजबाबदार सभासद, सुशिक्षित असूनही, ओल्या कचऱ्यात काच टाकतात’ असं आहे. क्रियापद अनेकवचनीच राहिलं, आदरार्थी समजायचं. तो एक कोण, याचा अध्यक्ष सकाळपासून शोध घेतायत. मघाशी मलाच विचारून गेले, “बाई, हे अक्षर कुणाचं असेल?”

तुझी,
कुंदा

ता. क. त्या कोपरीच्या मुलीचं नाव आठवत असेल तर कळव.