आई, टब तुझा आणि बाबा, तुमचा डबा वेगळा

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार. शनिवारी दादा गावी येतोय, त्याच्याबरोबर एक खोकं पाठवतोय. फोनवर सांगायला गेलो की आई तू "हो हो कळलं" म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर बाबांना विचारतेस काय म्हणाला तो, म्हणून सरळ टाइप करून प्रिंट काढली, चष्मा लावून दोघांनी वाचा. खोक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची अदलाबदल करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोठी काचेची बरणी आईची. त्यात पाय शेकायचं मीठ आहे, इकडे त्याला फूट सोक म्हणतात, मॉलमध्ये रिबीन बांधलेल्या एवढ्याशा डबीला चारशे-पाचशे रुपये लावतात. मी घरी केलंय. हसू नकोस, तुमची सून पण हसली, मग तिनेच गुलाबाच्या पाकळ्या निवडून दिल्या. दोन वाट्या एप्सम सॉल्ट, एक वाटी जाडं मीठ, त्यात सावलीत वाळवलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या, गवती चहा कातरून आणि थोडा वाळा, बस एवढंच. पाला असा वाळला पाहिजे की चुरगळला तर कुरकुर वाजला पाहिजे, जरा ओल राहिली की मिठाला पाणी सुटतं आणि वर बुरशी धरते. पण एप्सम सॉल्ट उन्हात टाकायचं नाही हं, त्याच्या खड्यातच पाणी असतं, ते उडालं की खडे पांढरे पडून पीठ होतं.

बाबा, तुम्ही पाकिटावरचं नाव वाचून म्हणणार की अरे हे तर मॅग्नेशियम सल्फेट, कृषी सेवा केंद्रात मिळतं, पानं पिवळी पडली की आपण फवारतो ते. बरोबर, तेच आहे. पण खताचं ते पायाला नको, त्यात बाकी काय काय असेल सांगता येत नाही, मी मेडिकलमधून आणलंय. आणि हो, दिसायला अगदी साखरेसारखं दिसतं त्यामुळे बरणी स्वयंपाकघरात ठेवायची नाही म्हणजे नाही, कोणीतरी चहात टाकेल, चव कडू लागते आणि पोटात गेलं तर जुलाब होतात, पूर्वी जुलाबासाठीच देत असत ते. मी वर मोठ्या अक्षरात लिहिलंय "खायचं नाही".

सुगंधी तेल मुद्दाम घातलं नाही. यूट्यूबवर सगळे लव्हेंडरचे दहा थेंब घाला म्हणून सांगतात, पण तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं भेगांना जाऊन झोंबतं, शिवाय टब आणि लादी बुळबुळीत होते. तुझा गुडघा असा, त्यात घसरलीस तर ते सुगंधी तेल आपल्याला केवढ्याला पडेल!

आता करायचं कसं ते. बाथरूममध्ये पाटावर बसून नाही, पडवीत खुर्चीवर, खाली जुनी चटई. टबात चार-पाच लिटर कोमट पाणी, त्यात अर्धी वाटी मीठ, पाकळ्या टबभर पसरतात आणि पायाला चिकटतात म्हणून सोबत मलमलचे तुकडे दिलेत त्यात पुरचुंडी बांधून सोड. पाणी कोपराने बघ, बोटाने नको, तुझी बोटं आयुष्यभर तव्यावरून भाकरी उचलून दगड झालीत, त्यांना काही कळत नाही. दहा ते पंधरा मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त फायदा असं नाही, उलट कातडी कोरडी पडते. भेगेतून रक्त येत असेल त्या दिवशी राहू दे. नंतर भरलेला टब उचलायचा नाही, तांब्याने अर्धं पाणी काढून मग बाकीचं बाबा ओततील, झाडांना नको, खारं आहे ते, मोरीत.

पाय पंच्याने टिपून घे, मग आठवड्यातून एकदाच वजरी, हलक्या हाताने, रक्त येईपर्यंत घासायची तुझी ती पद्धत बंद. आणि त्यावर मुठेल. आजी करायची ना, आमसुलं झाली की कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, उकळत्या पाण्यात घालून वर आलेलं तेल थंड करून गोळे वळायची, तसलाच गोळा दापोलीच्या एका मित्राकडून मिळाला तो खोक्यात आहे. पळीत जरासा गरम केला की लगेच वितळतो, कोमट झाला की टाचेला लाव आणि रात्री सुती मोजे घाल. खरं सांगू, भेगांना सगळ्यात जास्त गुण येणार तो या मुठेलाचाच, मिठाचा नव्हे. पाकिटावर लिहितात की मॅग्नेशियम पायातून अंगात मुरतं आणि दुखणं पळतं, त्याला भक्कम पुरावा काही नाही. पायांना बरं वाटतं ते कोमट पाण्याने. आणि तू पंधरा मिनिटं एका जागी बसतेस याने, जे एरवी सणासुदीलासुद्धा घडत नाही. काशाच्या वाटीने तळवे घासशील तर जरूर घास, मला फार आवडायचं लहानपणी, फक्त तेल काळं पडतं ते उष्णता बाहेर आली म्हणून नाही, काशातल्या तांब्यामुळे पडतं. आजीला हे सांगितलं असतं तर तिने वाटी माझ्याच डोक्यात घातली असती.

आता बाबा.

तुमचा डबा वेगळा आहे आणि त्यात मीठ नाही. मला माहितीये तुम्ही म्हणाल आईला एवढं सगळं आणि मला क्रीम. पण शुगर असलेल्या माणसाने पाय भिजवत बसायचं नसतं, कोमट पाण्यातही नाही, हे मी मनाचं सांगत नाहीये, डायबेटिसचे डॉक्टर जगभर हेच सांगतात. कारण असं की इतक्या वर्षांच्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात, पाणी कढत आहे का कोमट तेच कळत नाही, माणसाला वाटतं छान शेक लागतोय आणि कातडी भाजलेली असते. वर भिजून कातडी मऊ पडते, नंतर कोरडी होऊन तडकते, बोटांच्या बेचक्यात ओल राहते, चिखल्या होतात, आणि तिथून जंतू आत शिरले की शुगरमध्ये जखम भरायला किती दिवस लागतात ते तुम्हाला मी काय सांगू.

गेल्या शिमग्यात पालखीबरोबर अनवाणी सड्याच्या कातळावरून आलात तेव्हा तळव्याला केवढा फोड आला होता. तो तुम्हाला कळला नाही बाबा, दुसऱ्या दिवशी आईला दिसला. तेव्हा तुम्ही म्हणालात देवाच्या कृपेने दुखलंसुद्धा नाही. मला तेव्हापासून तेच दुखलं नाही ते खुपतंय.

तर तुमच्या डब्यात काय आहे ते सांगतो. वास नसलेलं साधं क्रीम, ते रोज तळव्याला आणि टाचेला, पण बोटांच्या बेचक्यात अजिबात नाही, तिथे कोरडंच पाहिजे. एक मऊ पंचा फक्त पायांसाठी. हाताचा आरसा, कारण वाकून तळवा बघणं तुम्हाला जमत नाही, तो खाली लादीवर ठेवायचा आणि वर पाय धरायचा, रोज अंघोळीनंतर, लालसर, फोड, चीर, काहीही दिसलं तर मला नाही, आधी डॉक्टरांना फोन. पाय धुवायचे रोजच, पण कोमट पाण्याने पटकन, आणि पाण्यात कोपर आईने घालून बघायचं. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत खडा असला तर तुम्हाला टोचणार नाही. अंगणात सुद्धा चप्पल. कुरूप झालं तर दाढीच्या ब्लेडने कापायचं नाही, तुम्ही कापता हे मला आईने सांगितलंय, तिला ओरडू नका. आणि पुढच्या वेळी रत्नागिरीला तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना म्हणा पायाची संवेदना बघा, नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक जाड तार तळव्याला टेकवून बघतात, सुई नसते, पाच मिनिटांचं काम आहे, वर्षातून एकदा तरी व्हायला हवं.

लाड म्हणाल तर तुमचेही आहेत. आई टबात पाय घालून बसेल तेव्हा तुम्ही समोरच्या खुर्चीत बसा, तिचं झालं की तिने तुमच्या पायांना हलक्या हाताने क्रीम लावायचं, नुसत्या हाताने, वाटी नाही आणि वजरी तर नाहीच. आधी तुम्ही नको नको म्हणाल, बायकोकडून पाय कसले चोळून घ्यायचे. मग त्या बदल्यात तुम्ही तिच्या टाचांना मुठेल लावा, म्हणजे फिटंफाट.

पालखीचं मात्र आपण बोलू. देवाच्या पालखीत चप्पल चालत नाही हे मलाही कळतं, मी काही तुम्हाला बूट घालून मिरवा म्हणत नाहीये. पण यंदा मी सुट्टी टाकलीये, सड्यावरून मी आणि दादा खांदा देऊ, तुम्ही घराशी थांबा, पालखी अंगणात आली की नारळ तुम्हीच द्यायचा, मान तुमचाच आहे. गावात कोणी काही बोललं तर माझं नाव सांगा.

आई, आता तुझ्या कामाचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं म्हणून तू विचारत होतीस ना, गाळण्या झाल्या, प्लास्टिकचे डबे झाले, मागच्या वर्षीच्या त्या वाट्या तर सगळ्यांकडे आधीच होत्या. यंदा हे दे. एका पुरचुंडीत अर्धी वाटी, म्हणजे एका वेळचं. तुझी ती विरलेली सुती नऊवारी आहे तिचे चौकोन फाडून त्यात बांध, वर लाल दोरा, वाळ्याचा वास छान येतो, बाटलीबिटलीचा खर्च नाही. बाटलीतच द्यायचं असेल तर पत्र्याचं झाकण नको, मिठाने गंजतं. प्रत्येकीला एक चिठ्ठी पाहिजेच, मी शंभर छापून पाठवल्यात: खायचं नाही, शुगर असेल किंवा पायाला जखम असेल तर वापरायचं नाही, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. शेजारच्या काकूंना शुगर आहे, त्यांना पुरचुंडी न देता मुठेलाची लहान डबी दे, आणि कारण सगळ्यांसमोर सांगू नकोस, त्या मनाला लावून घेतात. कामाला येणाऱ्या मावशींना दोन दे, दिवसभर चिखलात उभ्या असतात त्या. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर मात्र मिठाचं पाणी नाही, बेचकं कोरडं ठेवायचं आणि मेडिकलमधलं मलम.

रथसप्तमीपर्यंत किती बायका येतील ते मोजून सांग, मीठ कमी पडलं तर गुरुवारपर्यंत कळव म्हणजे दादाच्या गाडीत आणखी एक पाकीट टाकतो, गवती चहा आपल्या मागच्या दाराशी आहेच.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, बरणी आईच्या कपाटात ठेवायला सांगितलीये. चावी तुमच्याकडे नाही हेही मला माहितीये.